मूलपेशींचा उपचार आणि टाइप टू मधुमेह

१. शुगर कायमची जाते का?

मधुमेहाला दहा-बारा वर्षे झाली, दोन गोळ्यांच्या चार झाल्या आणि डॉक्टरांनी इन्सुलिनचे नाव काढले, की घरात हमखास एक प्रश्न निघतो. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, टाकून शुगर कायमची जाते म्हणतात, ते खरे आहे का? विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या घरांत रोजच्या सुईची धास्ती असताना ‘एकदाच करा आणि मोकळे व्हा’ हे शब्द कानाला गोड लागणारच.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, आज तरी नाही. पण एवढ्यावर थांबणे रुग्णाच्या उपयोगाचे नाही. या उपचारावर मन लावून संशोधन झाले आहे, त्यातले महत्त्वाचे काम भारतात झाले आहे, आणि त्यातून जे कळले ते जाहिरातीत असते त्याहून बरेच वेगळे आहे.

२. बिघाड दोन ठिकाणी असतो

जठराच्या मागे आडवे असलेले स्वादुपिंड मुख्यतः पाचक रस तयार करते. त्यात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. हे पुंजके सुमारे दहा लाख असले, तरी सगळ्यांचे मिळून वजन एक-दोन ग्रॅमच्या आसपास भरते. त्यांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर चाचपतात आणि तेवढे इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन पोचले की स्नायू आणि चरबीच्या पेशी रक्तातली साखर आत घेतात आणि यकृत स्वतःची साखर बाहेर सोडणे आवरते घेते.

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. टाइप टूची सुरुवात दुसऱ्या टोकाला होते. यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. यालाच इन्सुलिनरोध म्हणतात. तेवढेच काम करून घ्यायला बीटा पेशींना जास्त इन्सुलिन सोडावे लागते. काही वर्षे त्या ते सोडतात आणि तपासणीत साखर ठीक दिसते. मग त्या थकतात. साखर वाढलेली पहिल्यांदा दिसते, तोवर त्यांची बरीचशी क्षमता गेलेली असते.

भारतीयांच्या बाबतीत हा इन्सुलिनरोध बारीक दिसणाऱ्या माणसातही असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची मोजमापे शेजारी शेजारी छापली. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. कोणत्याही तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसले. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. याचा अर्थ आजाराची पूर्वतयारी पोटात असल्यापासूनच सुरू असते आणि ती साऱ्या शरीरभर असते. एकट्या स्वादुपिंडापुरती ती नसते.

मूलपेशींच्या उपचाराची सगळी मर्यादा इथेच आहे. सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर वारंवार जळत असेल आणि कारण पाइप चोंदल्याचे असेल, तर नुसती नवी मोटर बसवून भागत नाही. तीही तशीच ताणाखाली चालते आणि वर्ष-दोन वर्षांत जळते. बीटा पेशी नव्याने मिळाल्या, पण यकृतातली चरबी आणि इन्सुलिनरोध तसाच राहिला, तर त्या पेशींवरही तोच भार पडणार.

याची दुसरी बाजू आशेची आहे. सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या कामातून दिसले, की ताणाखालच्या कित्येक बीटा पेशी जिवंत असतात, फक्त आपले इन्सुलिनचे काम सोडून अर्धवट अवस्थेत मागे जातात. ब्रिटनमध्ये वजन घटवण्यावर झालेल्या मोठ्या चाचणीत आजार सहा वर्षांपेक्षा जुना नसलेल्या रुग्णांना काही महिने अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. २०१७ मध्ये आलेला हा निकाल पुढच्या सगळ्या आकड्यांशी ताडून पाहण्यासारखा आहे.

३. प्रौढ मूलपेशी म्हणजे काय

शरीरातल्या बहुतेक पेशी एकाच कामाला जुंपलेल्या असतात. मूलपेशीला दोन गोष्टी जमतात. ती स्वतःसारखी दुसरी पेशी तयार करते आणि गरजेनुसार ठरावीक कामाच्या पेशींना जन्म देते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या मूलपेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी बनू शकते. प्रौढ मूलपेशींची मुभा मर्यादित असते. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत, चरबीत, आतड्यात, कातडीत त्या असतात आणि बहुधा आपापल्या घरच्याच पेशी घडवतात. ‘प्रौढ’ हा शब्द इथे वयाचा नाही. बाळाच्या नाळेतल्या मूलपेशीही याच वर्गात धरतात.

अस्थिमज्जेत दोन प्रकारच्या मूलपेशी नांदतात आणि पुढचा सगळा घोळ त्यांच्या गल्लतीतून होतो. पहिला प्रकार रक्त बनवणाऱ्या पेशींचा. त्यांचे प्रत्यारोपण हा पक्का, मान्य उपचार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीवर भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. तेव्हापासून ल्युकेमिया, थॅलेसीमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत हजारो जीव त्याने वाचवले. दुसऱ्या प्रकारच्या पेशींना मेसेन्कायमल म्हणतात. त्या हाड, कूर्चा आणि चरबी घडवतात. मधुमेहावरच्या बहुतेक प्रयोगांत याच वापरल्या जातात.

‘बोन मॅरो ट्रान्सप्लांटने माणूस वाचतो, मग शुगर का नाही जाणार?’ या युक्तिवादात दम वाटतो. पण रक्ताच्या मूलपेशीने रक्त बनवणे हे तिचे नेहमीचे काम आहे. बीटा पेशी बनवणे हे मज्जेतल्या कोणत्याच पेशीचे काम नाही.

४. त्या बीटा पेशी बनतात का?

सुरुवातीची सारी आशा याच प्रश्नावर होती. पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे. तिथे डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाचे पुंजके आणि मूलपेशी यांवर वर्षानुवर्षे काम केले. याच केंद्रातून गेलेले आनंदवर्धन हर्डीकर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना, २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा आणि मार्विन गर्शनगॉर्न यांच्या गटाचा एक निबंध आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून काढलेले पुंजके प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवले, तेव्हा त्यांतून लांबट पेशी निघाल्या. त्या भराभर वाढल्या. त्यांचे इन्सुलिन बनवणे बंद झाले होते, पण पोषक द्रवातला सीरम काढून घेतल्यावर त्या पुन्हा गोळा झाल्या आणि त्यांच्यात इन्सुलिनच्या खुणा थोड्याफार परतल्या. बीटा पेशींना मागे नेऊन, वाढवून, परत पुढे आणता येईल असे वाटू लागले.

त्याच वर्षी हार्वर्डच्या गटाने उंदरांत दाखवले, की मोठ्या वयात नव्या बीटा पेशी मुख्यतः जुन्या बीटा पेशींच्याच विभाजनातून येतात, एखाद्या लपलेल्या मूलपेशीतून नव्हे. मग २००७ च्या सुमारास काही प्रयोगशाळांनी उंदरांच्या बीटा पेशींवर कायमची खूण करून त्यांचा माग काढला. बशीत फोफावणाऱ्या त्या लांबट पेशींवर ती खूण नव्हती. त्या दुसऱ्याच पेशींच्या वंशातल्या निघाल्या. माणसाच्या पेशींबाबत वाद पुढेही चालला. पुण्याच्या गटाने पुढे माणसाच्या मज्जेतल्या मेसेन्कायमल पेशींना उंदरांच्या शरीरात स्वादुपिंडाच्या पेशींच्या दिशेने वळवून दाखवलेही. पण बशीत किंवा उंदरात एखादी पेशी त्या वाटेला लागणे आणि माणसाच्या शरीरात साखर सांभाळण्याइतक्या बीटा पेशी तयार होणे, यांत फार मोठे अंतर आहे. रुग्णाला नुसत्या टोचलेल्या मेसेन्कायमल पेशींनी ते पार केल्याचा भक्कम पुरावा नाही.

५. मग त्या करतात काय?

शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशी आधी फुप्फुसात पोचतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा तिथल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. तरीही काही परिणाम दिसतो, कारण त्या असतील तेवढ्या काळात दाह कमी करणारी आणि पेशींच्या दुरुस्तीला हातभार लावणारी रसायने सोडतात. टाइप टू मधुमेहात चरबीत आणि यकृतात मंद दाह सतत चालू असतो आणि त्याने इन्सुलिनरोध वाढतो. तो दाह थोडा शमला की इन्सुलिन थोडे जास्त लागू पडते, आणि थकलेल्या बीटा पेशींनाही उसंत मिळते.

म्हणजे हा उपचार औषधाच्या वळणाने चालतो. पेशी रुजत नाहीत, त्यांनी सोडलेल्या द्रव्यांचा असर होतो आणि मग ओसरतो. ‘एकदाच करा’ हे आश्वासन या एका गोष्टीपाशी कोसळते.

६. सहा कोटी पेशी येतात कुठून

चाचण्यांमध्ये मेसेन्कायमल पेशींची मात्रा अनेकदा वजनाच्या दर किलोला दहा ते वीस लाख अशी असते. ६० किलोच्या माणसाला दहा लाखांच्या हिशेबाने ६ कोटी पेशी लागतील. आता मज्जा पाहू. कमरेच्या हाडात जाड सुई घालून ती ओढतात. समजा, त्यातून १०० कोटी पेशी हाती आल्या. त्यांत मेसेन्कायमल पेशी दहा हजारांत एक ते लाखात एक इतक्याच असतात. म्हणजे फार तर एक लाख, कमीत कमी दहा हजार. तेवढ्यांच्या ६ कोटी करायच्या तर त्या दहा ते तेरा वेळा दुप्पट व्हाव्या लागतात. त्यासाठी निर्जंतुक प्रयोगशाळा लागते, काही आठवडे लागतात आणि दर टप्प्यावर जंतुसंसर्ग व गुणसूत्रांतले बिघाड तपासावे लागतात.

हा हिशेब रुग्णाने कागदावर मांडून जवळ ठेवावा. सकाळी मज्जा काढून दुपारी ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ परत देतो असे कोणी म्हणाले, तर देण्यात येणारी गोष्ट मज्जेतल्या नाना पेशींचे मिश्रण असते. त्याला एककेंद्रकी पेशींचे मिश्रण म्हणता येईल. त्यावरही रीतसर चाचण्या झालेल्या आहेत, पण ती वेगळी गोष्ट आहे.

पेशी कोणाच्या, हाही प्रश्न आहे. स्वतःच्या पेशी शरीर नाकारत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. पण पुण्याच्याच गटाने २००९ मध्ये मधुमेहींच्या मज्जेतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी तपासल्या, तेव्हा त्यांवर मधुमेही वातावरणाचा ठसा उमटलेला दिसला. वर्षानुवर्षे जास्त साखरेत राहिलेली पेशी तरुण निरोगी दात्याच्या पेशीइतकी धडधाकट असेलच असे नाही. म्हणून अनेक चाचण्या नाळेतल्या किंवा निरोगी दात्याच्या पेशींकडे वळल्या.

७. माणसांवरच्या चाचण्या

भारतातले सर्वांत नीटस काम चंडीगडच्या पीजीआय संस्थेत डॉ. अनिल भन्साळी यांच्या गटाने केले. २००९ मध्ये त्यांनी दहा रुग्णांचे निकाल छापले. गोळ्या पुऱ्या न पडल्याने हे सगळे इन्सुलिनवर होते. त्यांच्याच मज्जेतल्या पेशींचे मिश्रण जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवत स्वादुपिंडाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत सोडले. सात जणांचे इन्सुलिन सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. त्या सातांपैकी तिघांचे पूर्ण थांबले, पण त्यांतल्या एकाच्या बाबतीत ते फार टिकले नाही.

दहा जणांच्या अशा प्रयोगात एक गोम असते. ज्याच्यावर एवढा मोठा उपचार झाला तो माणूस पथ्य पाळतो, चालायला जातो, दर आठवड्याला तपासला जातो. साखर त्यानेही उतरते. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवा. याच संस्थेने २०१४ मध्ये २१ जणांची तशी चाचणी केली. ११ जणांना पेशी दिल्या, त्यांतल्या ९ जणांचे इन्सुलिन निम्म्याने किंवा अधिक उतरले. तुलनेच्या गटातल्या दहांपैकी एकाचेही नाही. २०१७ मध्ये त्यांनी ३० जणांचे दहा-दहाचे तीन गट केले. एकाला प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी, दुसऱ्याला मज्जेतल्या पेशींचे मिश्रण, तिसऱ्याला निव्वळ उपचाराचा देखावा. वर्षाअखेर पहिल्या दोन्ही गटांत सहा-सहा जणांचे इन्सुलिन निम्म्यावर किंवा त्याखाली आले, तिसऱ्यात कोणाचेच नाही. मेसेन्कायमल गटात इन्सुलिन जास्त लागू पडू लागले होते, तर मिश्रणाच्या गटात स्वतःचे इन्सुलिन थोडे जास्त पाझरत होते.

हे निकाल मोलाचे आहेत. ते खोटे पाडण्याचे कारण नाही. पण गट दहा-दहाचे आहेत, आणि ‘इन्सुलिन निम्मे झाले’ म्हणजे मधुमेह गेला नव्हे. रोज ६० युनिट घेणारा ३० वर आला, तरी त्याची सुई, पथ्य आणि तपासण्या चालूच असतात.

मोठ्या चाचण्यांत परिणाम आणखी बेताचा दिसतो. अमेरिकेत ६१ जणांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दात्यांच्या पेशी एकदाच शिरेतून दिल्या होत्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी तुलनेच्या गटापेक्षा जास्तीत जास्त ०.४ ने उतरले. मेटफॉर्मिनच्या स्वस्त गोळीने ते साधारण एकाने उतरते, हे शेजारी ठेवून पाहावे. मात्र या रुग्णांना मेटफॉर्मिन आधीपासून चालू होते आणि पेशींचा परिणाम त्यावरचा होता. चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षितता पाहण्याचा होता आणि त्या बाबतीत ती समाधानकारक ठरली.

चीनमधली नाळेच्या पेशींची ९१ जणांची चाचणी २०२२ ची आहे. एचबीए१सी सातच्या खाली आणि इन्सुलिन निम्म्याने कमी, असे दुहेरी उद्दिष्ट होते. ४८ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी २० टक्के तिथे पोचले, तर नुसत्या सलाइनच्या गटातले ४.५५ टक्के. फरक सुमारे साडेपंधरा टक्क्यांचा. १०० ला साडेपंधराने भागले की साडेसहा येतात. म्हणजे सहा-सात जणांना हा खर्चिक उपचार द्यावा, तेव्हा एकाला त्याच्यामुळे फायदा होतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना तेवढे मिळत नाही, आणि कोणाला मिळेल हे आधी सांगता येत नाही.

८. शांघायची बातमी

२०२४ मध्ये एक बातमी मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली. चीनमध्ये मूलपेशींनी मधुमेह बरा झाला. बातमी खरी होती, पण उपचार वेगळा होता. शांघायच्या चांगचेंग रुग्णालयातला हा रुग्ण ५९ वर्षांचा, २५ वर्षांचा टाइप टू मधुमेही. त्याच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना प्रयोगशाळेत आरंभीच्या अवस्थेत मागे नेले. हे तंत्र जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये शोधले आणि त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. मग त्या पेशींपासून स्वादुपिंडाचे पुंजके घडवून २०२१ मध्ये ते त्याच्या यकृताच्या शिरेत सोडले. अकरा आठवड्यांनी त्याचे इन्सुलिन थांबले आणि पुढे वर्षभरात गोळ्याही सुटल्या.

इथे बीटा पेशी शरीराबाहेर तयार करून आत घातल्या आहेत, त्यामुळे हा खऱ्या अर्थाने पेशी बदलण्याचा उपचार आहे. पण रुग्ण एकच आहे. त्याचे मूत्रपिंड आधी बदललेले असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्याला चालूच होती. ही बातमी दाखवून मज्जेचे इंजेक्शन विकणारा माणूस दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवत असतो. हे निषेधार्ह आहे, कारण समोर बसलेला माणूस आपली साठवण मोडून आलेला असतो.

९. भारतातले नियम आणि रुग्णाचे हक्क

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तत्सम ठरावीक आजारांतले रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण हाच नेहमीच्या वापरातला मान्य उपचार. बाकी कोणत्याही आजारात मूलपेशी द्यायच्या तर फक्त मंजूर चाचणीत. मधुमेह या ‘बाकी’त येतो. नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत मूलपेशींपासूनची उत्पादने नवीन औषध धरली आहेत, त्यामुळे त्यांना औषध महानियंत्रकांची परवानगी लागते. साठवणुकीत फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकेला मुभा आहे. दात, चरबी किंवा मासिक स्रावातल्या पेशी ‘पुढे मधुमेहाला उपयोगी पडतील’ म्हणून साठवून देणे त्यात बसत नाही.

स्वतःच्याच पेशी असल्याने अपाय होत नाही, हेही खरे नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि तिघींच्याही दृष्टीला गंभीर इजा झाली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण नोंदले गेले. मधुमेहीच्या बाबतीत जंतुसंसर्गाची भीती मुळातच जास्त असते, आणि धमनीत नळी घालताना रक्तस्राव किंवा रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडे अधू असतील तर त्या वेळी वापरायचे रंगद्रव्यही त्रासदायक ठरू शकते.

खऱ्या चाचणीची ओळख कागदांवरून पटते. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून इंटरनेटवर खुली आहे आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. तिथला क्रमांक रुग्णाने मागावा, पण नुसता क्रमांक म्हणजे मंजुरी नव्हे. औषध महानियंत्रकांची परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता ही दोन पत्रेही पाहावीत. संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत असावे लागते, आणि ते घरी नेऊन वाचायला वेळ मागणे हा हक्क आहे. चाचणीतल्या पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. दोन-तीन लाखांचे पॅकेज, हप्त्यांची सोय आणि ‘गॅरंटी’ असे शब्द जिथे येतात तिथे चाचणी चालू नसते.

चाचणीत दाखल झालेल्यानेही गोळ्या आणि इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचे नसते. मात्रा उतरवायची ती घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे पाहून, संशोधक डॉक्टरांच्या सांगण्यावरून, दोन-चार युनिटांच्या टप्प्यांनी. डोळ्यांची पडदातपासणी, लघवीतली प्रथिने आणि पायांची तपासणी दरवर्षी पूर्वीसारखीच चालू ठेवावी लागते.